पॅनलरूममध्ये बसायचं न्हाय

चांगदेव तरे हा माणूस मुळात बोलघेवडा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, असल्या घुम्याकडे जाऊन बसणार कोण? तसं काही नव्हतं. भिवंडीजवळच्या कशेळीत कुणाचीही हळद असो, नव्या जावयाची खेचायला चांगदेवच लागायचा. बायको गेली, मुलगी भाविका लग्न होऊन पनवेलला गेली, आणि घरात बोलायला भिंती उरल्या. तरी त्याचं फारसं बिघडलं नाही. कारण त्याच्याकडे पॅनलरूम होती.

मानकोली नाक्यावरून आत गेलं की हितेशशेठचा कापडाचा कारखाना. चार गाळे, प्रत्येकात लूमच्या रांगा, आणि मधोमध ही पॅनलरूम. बाहेरच्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, जाड केबल यायची ती तिथल्या मेन स्विचवर, आणि तिथून चारी गाळ्यांना वीज जायची. चांगदेव तिथला वायरमन, केस काळे होते तेव्हापासूनचा.

लूमच्या गाळ्यात तुम्ही कधी उभे राहिला असाल तर ठाऊक असेल, तिथे साधं ‘पाणी दे’ म्हणायचं तरी समोरच्याच्या कानात ओरडावं लागतं. पॅनलरूमच्या भिंती मात्र जाड. दार लोटलं की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू यायचं. त्यामुळे झालं काय, की ती खोली वायरमनची राहिलीच नाही. कारागीर तिथे चहा प्यायचे. कुणी पॅनलच्या दांड्याला ओला टॉवेल वाळत घालायचा, कुणी डबा गरम राहावा म्हणून पॅनलच्या डोक्यावर ठेवायचा. भिंतीवर एकविरा आईचा फोटो होता, म्हणून आत येताना जो तो चपला बाहेर काढायचा. आता विजेच्या खोलीत अनवाणी जाणं म्हणजे शहाणपणाची कमालच, पण देवीपुढे चपला घालून जाणार कोण?

आणि तिथे बसायचा लडकू. लडकू भोईर, कारखान्यातला जॉबर, बिघडलेले लूम लावून द्यायचा. दोघं कशेळीचेच, शाळेत एका बाकावरचे. एक लाकडी खोका होता, त्यावर लडकू पॅनलला पाठ लावून बसायचा आणि चांगदेव समोर खाली फतकल मारून. दोघांचे डबे मध्ये उघडे. ‘येऊ काय’ असं लडकूनं कधी विचारलं नाही. आपल्या घरात शिरताना कुणी विचारतं का?

ही गोष्ट दोन हजार सहाच्या आसपासची. लोडशेडिंगनं भिवंडीचं कंबरडं मोडलं होतं. दुपारी लाईट जायची ती टाईमटेबलनं, आणि त्या टाईमटेबलवर लोकांचा इतका विश्वास बसला होता की विचारू नका. लाईट गेली की सगळ्या भिवंडीतले वायरमन पॅनल उघडून आत हात घालायचे. नट आवळायचे, रुई झटकायची. मेन स्विच खाली ओढायचा नाही. लाईटच नाही तर बंद काय करायचं? शिवाय मेन वर असला म्हणजे लाईट आल्याआल्या लूम सुरू करता येतात. कारागिराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. लूम उभा म्हणजे त्याचं पोट उभं.

चांगदेवही तेच करत आला होता. मग शेजारच्या कंपाऊंडमध्ये दामूचं झालं.

दामू तिथला वायरमन. लाईट गेलेली, पॅनल उघडं, हातात पाना. लाईट आली टाईमटेबलच्या आधी. पाना तांब्याच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये होता आणि भडका उडाला. दामूचे हात भाजले, पण तो वाचला. वाचला नाही तो त्याच्या मागे बसून डबा खाणारा माणूस. त्यानं कशालाच हात लावला नव्हता. चांगदेव बघायला गेला तेव्हा माणूस हलवलेला होता. पॅनलसमोरच्या भिंतीवर काळं पसरलं होतं आणि मधोमध, बसल्या माणसाएवढी, तेवढीच जागा पांढरी राहिली होती.

चांगदेव दोन दिवस जेवला नाही.

चौकशीला एक इंजिनिअर आला होता. भला माणूस. चहाच्या टपरीवर त्यानं चांगदेवला नीट समजावलं. शॉक लागायला विजेला धरावं लागतं, पण भडक्याला तेवढीही गरज नसते. वीज हवेतून उडी मारते, हवाच पेटते, तांबं उकळून अंगावर येतं, आणि बंद खोलीत त्याला जायला जागा नसते. म्हणून काम करायचं तर मेन खाली ओढायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याकडे. चालू करताना बाजूला उभं राहायचं, तोंड फिरवून. आणि ज्याचं काम नाही त्यानं त्या खोलीत थांबायचं नाही.

“मेन बंद असला तरी?” चांगदेवनं विचारलं.

“मेन बंद असला तरी त्याच्या वरच्या टोकाला डीपीवरून लाईट येतेच की,” इंजिनिअर म्हणाला. “ते टोक तुमच्या कुलपाला विचारत नाही.”

दुसऱ्याच दिवशी चांगदेवनं कुलूप आणलं, किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली आणि सगळ्यांना सांगून टाकलं, पॅनलरूममध्ये बसायचं न्हाय. दाराला त्यानं नुसती कडी ठेवली. वेळप्रसंगी मेन ओढायला कुणाला आत शिरता आलं पाहिजे, म्हणून.

कारखान्यात शिमगा झाला. लाईट आली की चांगदेव येणार, तपासणार, कुलूप काढणार, मग मेन वर. तोवर चारी गाळे उभे. “चाचा, लाइट आ गई, चालू करो ना,” असा दारात गलका. तो मेन वर करताना तोंड फिरवायचा, तर पोरं म्हणायची, चाचा शरमाते हैं. हितेशशेठनंही गोड बोलून टोचलं. “काका, सेफ्टी पाहिजेच. पण लूम थांबता कामा नये.” आता दोन्ही एकदम कसं व्हायचं, ते शेठलाच ठाऊक.

हे सगळं चांगदेवनं हसून घेतलं. लडकूचं मात्र हसून घेता येईना.

“मना भायेर बस सांगतोस?” लडकू म्हणाला. डबा हातात, एक पाय उंबऱ्याच्या आत.

“दोघं बी भायेरच बसू. पत्र्याखाली सावली हाय.”

“तिथं ट्रकांची धूल खायाची काय? मेन तू बंद करतंस, कुलूप लावतंस. मंग आत बसला तर काय व्हतंय?”

“वरच्या टोकाला लाईट येते.”

“इतकी वर्सं येत न्हवती?”

येत होतीच. इतकी वर्षं ती लडकूच्या पाठीला वीतभर अंतरावर येत होती, आणि चांगदेव समोर बसून चटणी मागत होता. पण हे सांगायचं कसं? दामूच्या भिंतीवरचा पांढरा माणूस त्यानं पाहिला होता, लडकूनं नव्हता.

“बसाचं न्हाय,” तो एवढंच म्हणाला.

लडकूनं पाय मागे घेतला. “तुजी खोली, तुजा कायदा. बस एकटा.” आणि तो गेला तो दुसऱ्या गाळ्याच्या ओट्यावर, कारागिरांच्यात.

मग सुरू झाले चांगदेवचे दिवस. पत्र्याखाली एकट्यानं डबा उघडायचा. पाच मिनिटांत जेवण संपायचं. पूर्वी ते तासभर चालायचं, आणि तेव्हा त्याला वाटायचं, आपण सावकाश जेवणारे आहोत. मुकाट्यानं जेवायला वेळ लागतच नाही, हे त्याला या वयात कळलं. ओट्यावरून लडकूचं हसणं ऐकू यायचं. लडकूचं हसणं मुद्दाम मोठं असायचं, चांगदेवला ऐकू जावं म्हणून. घरी जाऊन तो टीव्हीला उत्तरं द्यायला लागला. बातम्या सांगणाऱ्या बाईला एकदा ‘व्हय का’ म्हणाला आणि स्वतःशीच ओशाळला.

एकदा तर तो वितळलाच. सकाळी भाकऱ्या बांधताना त्यानं ठरवलं, पुरे झालं. मेन बंद असतो, वर कुलूप असतं, घटकाभर बसला लडकू तर आभाळ कोसळणार आहे काय? दुपारी लाईट गेली, त्यानं कुलूप लावलं आणि लडकूला हाक मारायला ओट्यापर्यंत गेला. लडकूनं त्याला येताना पाहिलं, सरकून जागासुद्धा केली. चांगदेवच्या तोंडाशी शब्द आले होते. पण त्याला ती पांढरी जागा दिसली, आणि तो म्हणाला, “लडक्या, पत्र्याखाली ये ना.”

“तुज्या पत्र्यावर थू,” लडकू म्हणाला. कारागीर हसले.

बरं, लडकूही काही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. लाईट गेली की चांगदेव रोज पुढच्या ऑफिसात जाऊन सबस्टेशनला फोन लावायचा, कधी येणार म्हणून विचारायला. तेवढ्या वेळात लडकू कडी काढून पॅनलरूममध्ये शिरायला लागला. आपल्या खोक्यावर बसायचा, पॅनलला पाठ लावून, दोन घास खायचा आणि चांगदेव यायच्या आत पसार. कारागिरांना टाळ्या देऊन सांगायचा. चांगदेवला खोक्यावर भाकरीचे तुकडे दिसले तेव्हा कळलं. तो जाऊन भांडला, हातापाया पडला. लडकूनं कानात बोट घालून दाखवलं.

ज्या दिवशी झालं त्या दिवशीही तो मेनला कुलूप लावून, फोन करून परत येत होता. सबस्टेशनवाला म्हणाला होता, अजून तासभर तरी नाही. अंगण ओलांडताना त्याला पॅनलरूमच्या दारात चपला दिसल्या. लडकूच्या. एक अंगठा शिवलेला. चांगदेवच्या मस्तकात तिडीक गेली. आज याची गचांडीच धरायची, असं म्हणून त्यानं पावलं उचलली, आणि ऑफिसाबाहेरचा, वेगळ्या लाईनवरचा, बल्ब पेटला.

लाईट आली.

बल्ब पुरता पेटायच्या आत पॅनलरूममध्ये स्फोट झाला. दार धाडकन उघडलं आणि आतून आधी पांढरा उजेड आणि मग काळा धूर बाहेर आला. चांगदेव खाली बसला होता. कधी बसला ते त्याला आठवत नाही. कानात नुसती शिटी. गाळ्यांतून माणसं धावत आली, आणि कुणीतरी त्या चपला पाहिल्या.

“लडकू अंदर है,” एकच ओरडा झाला.

वॉचमन नवशा, डोंगरावरच्या पाड्यातला वारली, मनाचा मोठा. तो पाण्याची बादली घेऊन सरळ दारात. चांगदेवनं उठून त्याच्या कमरेला मिठी घातली. बादली सांडली. मग चांगदेव दारात आडवा उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला.

“कोनी आत जायाचं न्हाय. डीपीवरून लाईट चालू हाय.”

डीपीला फ्यूज होते, पण त्यांत कुणीतरी जाड तार घातलेली. वारंवार उडतात म्हणून. हेही भिवंडीतलं सगळ्यांना ठाऊक. म्हणजे वरच्या टोकाला वीज अजून उभी होती. चांगदेवनं एकाला ऑफिसात पळवलं, सबस्टेशनला फोन कर, लाईन बंद करायला सांग. डीपीकडे स्वतः जावं तर दार मोकळं पडलं असतं. तो उभा राहिला.

आता हे उभं राहणं काय होतं ते नीट ऐका. मागे धूर. धुरात, त्याच्या समजुतीप्रमाणे, लडकू. समोर चाळीस-पन्नास माणसं शिव्या घालतायत. कुणी म्हणतंय, बुढ्ढा डर गया. कुणी त्याच्या छातीला धक्के देतंय. तो मान वळवून आत ओरडायचा, “लडक्या, रं लडक्या.” आतून काही नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचंही आणि त्याचंही. त्याला जायचं होतं. देवाशप्पथ जायचं होतं. तो गेला असता तर त्याच्या मागून नवशा गेला असता, नवशाच्या मागून ती पोरं, हे त्याला दिसत होतं. म्हणून तो हलला नाही.

मग दुसरा भडका उडाला. पहिल्यापेक्षा मोठा. चांगदेवच्या पाठीचा सदरा पोळला आणि पुढची सगळी माणसं मागे सरली. त्यानंतर कुणी धक्का दिला नाही.

ऑफिसातला माणूस धावत आला, लाईन बंद झाली म्हणाला. चांगदेवनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. डीपीवर जाऊन बांबूनं तिन्ही फ्यूज पाडले, डोळ्यांनी पाहिले, मग तोंडाला ओला टॉवेल बांधून तो आत गेला. एकटाच.

खोक्याचा कोळसा झाला होता. डब्याचं झाकण वाकून भिंतीला चिकटलं होतं. त्यानं कोपरे चाचपले, दारामागे हात घातला, जमिनीवर हात फिरवत रांगला. माणूस नव्हता. काळ्या भिंतीवर कुठेही पांढरी जागा नव्हती. चांगदेव तिथेच बसून हसायला लागला, आणि ते हसणं मध्येच कसंतरीच झालं.

तो बाहेर आला तेव्हा गर्दीच्या मागे लडकू उभा होता. अनवाणी. हात ओले. डबा उघडून ठेवून मागच्या नळावर हात धुवायला गेला होता.

चांगदेव त्याच्याकडे धावला. मिठी मारणार होता. लडकूनं हात पुढे करून त्याला थांबवलं.

“मी मगाशीच आलतू,” लडकू म्हणाला. “दुसऱ्या भडक्याच्या आधी. मागं उभा व्हतू.”

“मंग बोल्लास का न्हाय?”

“आदी तोंडातून शब्दच फुटंना.” लडकूनं खाली बघितलं. “मंग म्हटलं, बगू. चांगदेव काय करतोय.”

लडकूनं ओले हात सदऱ्याला पुसले.

“तुना वाटला मी आत हाय. व्हय ना?”

“व्हय.”

“तरी तू दारात उभा राहलास.”

चांगदेवला पुष्कळ सांगता आलं असतं. दुसरा भडका तर सगळ्यांनीच पाहिला होता. पण लडकूच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं, हा विजेचं काही विचारतच नाहीये.

“व्हय,” तो म्हणाला. “उभा राहलो.”

लडकूनं चपला उचलल्या, पायात न घालता हातात धरल्या, आणि तो घरी गेला.

संध्याकाळी चांगदेवनं भाविकाला फोन लावला. कधी नव्हे ते बाबांचा फोन, म्हणून ती घाबरली. “काय झालं?”

“कारखान्यात भडका उडाला. कोनाला काय झालं न्हाय.”

“तुम्हाला?”

“न्हाय. कोनालाच न्हाय.”

“मग बरंय ना,” ती म्हणाली. मागे कुकरची शिटी झाली, लेकरू रडत होतं. “मी करते नंतर, हां बाबा?” तिचं काही चुकलं नाही. काहीच झालं नाही ही बातमी सांगायची तरी कशी? चांगदेव फोन हातात धरून बसून राहिला.

भडका कशानं उडाला, कुणी उंदीर म्हणालं, कुणी रुई. हितेशशेठनं नवं बंदिस्त पॅनल आणलं, डीपीला खरे फ्यूज बसले, आणि कुलपाबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. पॅनलरूममध्ये आता कुणी पाऊल टाकत नाही, सांगायचीही गरज नाही. पण कशेळीत लोकांनी लक्षात ठेवलं ते वेगळंच. लडकू आत जळतोय असं वाटत असताना चांगदेव दारात उभा राहिला. लडकू कुणाला सांगत फिरला असं नाही, पण विचारलं तर ‘नाही’ही म्हणाला नाही. पुढच्या हळदीला चांगदेव मांडवात बसला तेव्हा त्याच्या बाजूची खुर्ची रिकामीच राहिली. जावयाची खेचायचं त्याला सुचलं नाही.

पावसाळ्यानंतर एकदा तो नाक्यावर मासळीला गेला. लडकूची बायको कमळा तिथे खाडीची मासळी विकायची. दुसरीकडे वळावं असं त्याच्या मनात आलं, पण तिनं बघितलं होतं.

“या भावजी,” ती म्हणाली. “निवट्या हायत, ताज्या.”

तो उकिडवा बसला. तिनं वाटा लावला, हातानं सारखा केला.

“तो म्हनतो, तुमी आत जायाला पायजे व्हतं.”

“गेलो असतो तर?”

कमळानं मासळीवर पाणी शिंपडलं. “तर दोन दिवस रडला असता. मंग जल्मभर सगल्यांना सांगत फिरला असता, माजा दोस्त कसा व्हता म्हनून. फोटो लावला असता घरात.”

चांगदेवला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

“जेवतो ना नीट?”

“जेवतो. मीठ कमी झाला तर ताट ढकलतो.”

“तुमच्यावर वरडतो?”

“रोज.”

“मंग झालं,” चांगदेव म्हणाला.

कमळानं वाटा पिशवीत घातला आणि वर मूठभर निवट्या जास्तीच्या टाकल्या. एकट्या माणसाला तो वाटाच फार होता. चांगदेवनं नको म्हटलं नाही. पिशवी घेऊन तो घरी गेला, सगळी मासळी साफ केली, सगळी शिजवली, आणि दोन ताटं घ्यायला गेलेला हात मागे घेऊन एका ताटात वाढून जेवायला बसला.